समुद्रात भिंत नसते, मग फ्लिप टर्न कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

आपण वेळ काढून इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. ट्रायथलॉनची (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) तयारी करणाऱ्यांनी फ्लिप टर्न, म्हणजे भिंतीपाशी पाण्यात कोलांटी घेऊन पायांनी भिंतीला रेटा देत वळणे, शिकावा, या माझ्या मतावर आपले तीन आक्षेप आहेत. समुद्रात भिंतच नसते, तेव्हा हे कसब शिकण्यात वेळ घालवू नये. भिंतीला रेटून मिळणाऱ्या वेगामुळे टँकमधली वेळ फसवी ठरते. आणि कोलांटी घेताना नाकात पाणी जाते व गरगरते.

यांतला दुसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो बऱ्याच अंशी खराही आहे. फ्लोरियन वेलब्रॉकने २०२१ साली अबुधाबीत २५ मीटरच्या तलावात १५०० मीटर फ्रीस्टाइलचा विश्वविक्रम केला, तो १४ मिनिटे ६.८८ सेकंदांचा; तर बॉबी फिंकेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरच्या तलावात केलेला विश्वविक्रम १४ मिनिटे ३०.६७ सेकंदांचा आहे. अंतर तेच, पण टर्न २९ ऐवजी ५९, आणि वेळेत जवळजवळ २४ सेकंदांचा फरक. त्यामुळे २५ मीटरच्या टँकमधल्या वेळेवरून समुद्रातल्या वेळेचा अंदाज बांधू नये, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

परंतु फ्लिप टर्न न घेणारा पोहणारा भिंतीपाशी नेमके काय करतो, हेही पाहायला हवे. तो कठड्याला हात लावतो, पाय खाली घेतो, डोके वर काढून एक भरपूर श्वास घेतो, पुष्कळदा गॉगल सारखा करतो, घड्याळाकडे नजर टाकतो आणि मग भिंतीला रेटा देतो. म्हणजे भिंतीचा फायदा तोही घेतोच, शिवाय विश्रांतीही मिळवतो. गोव्यात मिरामारला होणाऱ्या आयर्नमॅन ७०.३ या ट्रायथलॉनमध्ये पोहण्याचे अंतर १.९ किलोमीटर आहे. २५ मीटरच्या टँकमध्ये तेवढे पोहायचे तर ७५ वेळा वळावे लागते. प्रत्येक वेळी केवळ दोन सेकंद थांबले, तरी अडीच मिनिटांची विश्रांती हप्त्याहप्त्याने पदरात पडते. समुद्रात ती मिळत नाही, आणि टँकमध्ये दोन किलोमीटर सहज काढणाऱ्याला पहिल्या चारशे मीटरमध्येच धाप लागते, त्यामागे भीती आणि लाटा यांच्याबरोबर हेही एक कारण असते. फ्लिप टर्नमध्ये हा थांबा नाहीसा होतो आणि वर श्वासही लांबतो. भिंतीआधीच्या शेवटच्या श्वासापासून पुढच्या श्वासापर्यंत काही सेकंद जातात, त्या अवधीत न घाबरता लय टिकवावी लागते. श्वास घ्यायला तोंड वळवावे आणि नेमकी लाट तोंडावर यावी, अशा वेळी हीच सवय कामी येते. मात्र यासाठी मुद्दाम दीर्घकाळ श्वास रोखून पाण्याखाली राहण्याचा सराव कोणीही करू नये. त्यात शुद्ध हरपण्याचा खरा धोका आहे.

रेट्याच्या फुकट वेगावर उपाय टर्नमध्येच करता येतो. फ्रीस्टाइलच्या नियमांनुसार टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येते, पण आपल्याला त्याची गरज नाही. बेताचा रेटा द्यावा, शरीर बाणासारखे सरळ ठेवावे आणि भिंतीपासून ५ मीटरवर तलावावर टांगलेल्या पताकांच्या आतच वर येऊन स्ट्रोक सुरू करावा. आपण सुचवलेला दुसरा मार्ग, म्हणजे भिंतीला स्पर्श न करता, तळावरची काळी रेषा भिंतीआधी जिथे इंग्रजी T सारखी संपते त्या टी-खुणेवरच वळणे, हाही उत्तम आहे, कारण त्यात वेग शून्यावरून पुन्हा हातांनीच उभा करावा लागतो. स्पर्धेपूर्वीच्या शेवटच्या आठवड्यांत मुख्य सेटचा (सरावातल्या मुख्य टप्प्याचा) एक भाग मी तसाच पोहायला सांगतो. लेनमध्ये गर्दी असेल, तर मागच्याची टक्कर होणार नाही याची काळजी मात्र घ्यावी. बोयाला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) वळसा घालणे आणि दर काही स्ट्रोकनंतर डोळे पाण्याबाहेर काढून दिशा पाहणे ही कसबे मात्र वेगळी आहेत. फ्लिप टर्नने ती येत नाहीत, आणि येतात असा माझा दावाही नाही.

आता नाकात पाणी जाण्याविषयी. बहुतेकांचा श्वास कोलांटीच्या क्षणी रोखला जातो, आणि शरीर उलटे होताच पाणी नाकात शिरते. हनुवटी छातीकडे नेताना नाकाने गुणगुणल्यासारखा आवाज काढत राहावे, म्हणजे हवा सतत बाहेर पडत राहते. टी-खूण दिसल्यावर शेवटचा स्ट्रोक पूर्ण करून दोन्ही हात मांड्यांपाशी ठेवावेत, तळवे खाली करून पाणी डोक्याकडे ढकलावे आणि गुडघे पोटाशी घ्यावेत. हात पुढे फेकून कोलांटी ओढून घेण्याची धडपड केली, की शरीर तिरके होते. पाय भिंतीला लागतील तेव्हा आपण पाठीवर असाल. तसाच रेटा देऊन निघता निघता पालथे व्हावे. गरगरणे बहुधा सरावाने कमी होते, म्हणून आरंभी भिंतीपासून दूर, छातीभर पाण्यात, एका वेळी चार-पाचच कोलांट्या घ्याव्यात. उथळ टोकाला टाचा तळावर आपटतात, तेव्हा तिथे हा सराव टाळावा. कानाचा किंवा मानेचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फ्लिप टर्न करू नये. अशा वेळी टी-खुणेवरचे वळणच वापरावे.