तिसऱ्या रांगेचं माप

“सर, मागे नका बसू. प्लास्टिक फाटेल.”

गाडी सात जणांची म्हणून विकायला ठेवलेली. जाहिरातीत सात माणसं दात काढत तिच्यातून नदी ओलांडतात. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या शोरूममध्ये मात्र तिसऱ्या रांगेत बसायला बंदी, कारण सीटवरचं प्लास्टिक. एक पाय गाडीत, एक पाय फरशीवर, कमरेतून वाकलेला, अशा अवस्थेत मला हे ऐकवलं गेलं आणि त्याच वेळी पाठीमागे टाळ्या पडल्या. कुणाच्या तरी डिलिव्हरीचा केक कापला होता. त्या टाळ्या माझ्यासाठी नाहीत हे कळायला क्षणभर लागला, आणि तो क्षण अजून डोक्यातून जात नाही.

गाडी शेजाऱ्यांना घ्यायची होती. मी ‘जाणकार’ म्हणून बरोबर. आणि त्यांचे वडील, अण्णा. अण्णांनी उभं आयुष्य नौपाड्यात शिवणकाम केलं. दुकान बंद झालं, पण शर्टाच्या खिशात खडू आणि पँटच्या खिशात टेप आजही असते.

“फाटलं तर शिवून देतो,” असं म्हणून अण्णांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः मागे शिरले.

तिसरी रांग तपासायची एक रीत आहे, आणि ती शोरूमला आवडत नाही. आधी ड्रायव्हरची सीट आपल्याला चालवायला लागते तिथे लावायची. मग तिच्यामागे बसून दुसरी रांग आपल्या गुडघ्यांपुरती मागे घ्यायची. त्यानंतरच तिसरीत जायचं. शोरूममध्ये पुढच्या दोन्ही रांगा आधीच पुढे ढकलून ठेवलेल्या असतात, त्यामुळे मागे दिसते ती सगळी उधारीची जागा. गुडघ्यापुढे किती बोटं उरतात हे सगळेच बघतात, पण खरा घोळ मांडीखाली असतो. लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, बॉडी ठेवलेली. तिच्याखाली मागचा अखंड ॲक्सल, त्याला वरखाली व्हायला मोकळी जागा हवी. त्यामागे टांगलेली स्टेपनी. एवढा संसार खाली असल्यावर गाडीची फरशी वर येते. छप्पर तेवढं वर नेता येत नाही, मग सीट फरशीला टेकवतात. गुडघे वर, मांड्या अधांतरी आणि सगळा भार माकडहाडावर. दोन मिनिटांत हे जाणवत नाही, पंधरा मिनिटांत जाणवतं. म्हणून पंधरा मिनिटं बसायचं, प्लास्टिक फाटलं तरी.

अण्णांना दोन मिनिटं पुरली. “बैठक आखूड कापलीय,” आतून आवाज आला. “मांडीला मार्जिनच ठेवलेलं नाही.”

“काका, थर्ड रो मुलांसाठी असते,” सेल्सचा पोरगा म्हणाला.

“किती वर्षांच्या?”

“दहा-बारा.”

“आणि पुढच्या दिवाळीत ती किती वर्षांची होतात?”

पोरगा टॅबलेटमध्ये उत्तर शोधायला लागला.

बरं, मुलांसाठीच धरू. मग मुलांच्या बाबतीत काय बघायचं ते तरी नीट बघा. मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्स हूक बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेतच असतात. ती सीट एकदा तिथे बसवली की खालची बाक पुढे उलटत नाही, म्हणजे तिसऱ्या रांगेची वाट बंद. धाकटं दुसऱ्या रांगेत, थोरलं तिसऱ्यात, आणि थोरल्याला शू लागली की गाडी बाजूला घेऊन धाकट्याची सीट सोडवा. उलटणारी सीट डावीकडची, म्हणजे फुटपाथच्या बाजूची आहे ना, हेही बघा. पडदा एअरबॅग मागच्या काचेपर्यंत पोचते का, हे ब्रोशरच्या पहिल्या पानावर कधीच नसतं. एसीच्या झरोक्यांना स्वतःचा ब्लोअर आहे की नुसत्या जाळ्या, ते हात धरून बघा.

पोरानं विषय बदलायला ब्रोशर उघडलं. “सर, वॉटर वेडिंग ६०० एमएम! एवढ्या पाण्यातून गाडी जाते.”

“म्हणजे कुठपर्यंत?” आतून अण्णा.

“म्हणजे बरंच, काका.”

“मला बाहेर काढ. मग बघू बरंच म्हणजे किती.”

अण्णांना बाहेर काढणं हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. दुसऱ्या रांगेची सीट अर्धी उलटली आणि थांबली, कारण तिच्या बिजागरीत तेच ते प्लास्टिक गेलं. पोरानं ओढलं, मी ढकललं. शेवटी तिसऱ्या रांगेची पाठ पाडली आणि अण्णा डिकीतून, आधी चपला मग स्वतः, असे उतरले. केकवाल्या कुटुंबाच्या फोटोत ते पाठीमागे आलेले असणार.

उतरल्या उतरल्या त्यांनी टेप काढली. “सरळ उभा राहा. पाय जवळ. श्वास सोड.” पोरगा इतका गोंधळला होता की त्यानं श्वास खरंच सोडला. अण्णा एका गुडघ्यावर बसले, टेपची सेंटिमीटरची बाजू वर केली, टोक फरशीला टेकवलं आणि साठच्या आकड्यावर पोराच्या नेव्ही ब्लू पँटवर खडूनं आडवी रेघ मारली. रेघ गुडघ्याच्या थोडी वर आली.

“हे तुझं ६०० एमएम. आता सांग, वंदना सिनेमापाशी जोराच्या पावसात पाणी इथवर आलं. गाडी जाईल?”

“आरामात जाईल, काका.”

“समोरून एसटी आली.”

“हो...”

“एसटीनं लाट उडवली. लाट कुठवर?”

पोरगा गप्प. अण्णांनी दुसरी रेघ मारली, पार मांडीच्या वरच्या टोकाला. “ही कुणी मोजलीय का तुमच्या कंपनीत?”

“काका, ते लॅबमध्ये टेस्टेड असतं.”

“लॅबमध्ये एसटी येते?” मग पँटची मोहरी चिमटीत धरून, एकदम वेगळ्याच, दुखावलेल्या आवाजात: “ही इंचभर जास्त आहे. कुणी शिवली?”

“रेडिमेड आहे, काका.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. सव्वादोन टनांच्या त्या गाडीतल्या एकाही दोषाबद्दल त्यांचा चेहरा इतका पडला नव्हता. एवढ्यात मॅनेजर आला आणि पँटवरच्या दोन रेघांकडे बघत राहिला. “सर, पाण्याची पातळी आहे,” पोरगा म्हणाला. मॅनेजरनं मान डोलावली. रविवारी त्यांना काय काय बघावं लागत असेल.

अण्णांचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा. ब्रोशरातली पाण्याची खोली ही संथ पाण्यासाठी असते, माणसाच्या चालीच्या वेगानं, तळ सपाट धरून. हळू आणि एका लयीत गेलं तर नाकापुढे लाट तयार होते आणि तिच्यामागे बॉनेटपाशी पाणी थोडं खाली राहतं. मध्येच थांबलात किंवा समोरून लाट आली की तो हिशेब मोडला. म्हणून बॉनेट उघडून हवा ओढणारी नळी कुठे आहे ते बघा आणि तिची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजा. खरा आकडा तो. इंजिनानं पाणी ओढलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, ढकलत बाहेर काढायची. साधी विमा पॉलिसी या नुकसानाचे पैसे सहसा देत नाही, इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. तापलेला ॲक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्याची श्वास घ्यायची ब्रीदर नळी खाली असेल तर पाणी आत ओढते. नंतर डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरपेटीचं, तेल दुधाळ दिसलं तर ते याचंच. फोर बाय फोर असल्यानं यातलं काही टळत नाही. चार चाकांना ताकद मिळते, गाडीला कल्ले फुटत नाहीत.

फोर बाय फोरबद्दल विचारलं तर, “डेमो गाडी टू-व्हील ड्राइव्ह आहे सर, फील सेमच.” सेम कसं? त्या दोन जास्तीच्या चाकांच्या ताकदीसाठी लाखांनी जास्त मोजायचे आणि ते न बघता! इथे नीट कान द्या. बटणावर चिखल, वाळू, बर्फ यांची चित्रं असली म्हणजे गाडी ऑफ-रोड झाली असं नाही. टाटा सफारी २०२१ मध्ये नव्या रूपात आली तीच पुढच्या चाकांवर, फोर बाय फोर नाहीच. एक्सयूव्ही ७०० च्या ऑल-व्हील ड्राइव्हला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोरानं ओढणारा गिअर, नाही. फॉर्च्युनर आणि स्कॉर्पिओ-एनच्या फोर बाय फोर गाड्यांत ती आहे. लो रेंज लावून बघायचीच: गाडी उभी, ब्रेक दाबलेला, गिअर न्यूट्रलला, मग नॉब. दिवा लुकलुकून स्थिर झाला पाहिजे. लुकलुकतच राहिला तर आतले दात जुळलेले नाहीत, गाडी किंचित पुढे घेऊन पुन्हा लावा. मात्र अशा पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच चार चाकं जोडणाऱ्या, गाडीत कोरड्या रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) लावून वळू नका. मध्ये डिफरन्शियल नसतो, वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि तो ताण गिअरांवर येतो. स्टेपनी त्याच मापाची आहे का, तेही याचसाठी बघा.

आता मूळ दुखणं. तिसरी रांग आणि ऑफ-रोड यांचं एकमेकांशी पटतच नाही. तिसऱ्या रांगेसाठी मागच्या चाकामागे बॉडी लांबवावी लागते, तेवढा उतरतानाचा कोन गेला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढवावं लागतं, की उंचवट्यावर पोट टेकलं. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २,४५० मिमी, स्कॉर्पिओ-एनचा २,७५०, फॉर्च्युनरचा २,७४५. फूटभर जास्त. वर शोरूमचा पोरगा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची) सांगतो तो रिकाम्या गाडीचा. यात सरकारही सामील. जुलै २०२३ मध्ये जीएसटी कौन्सिलनं एसयूव्हीची व्याख्या पक्की केली: लांबी ४,००० मिमीच्या वर, इंजिन १,५०० सीसीच्या वर, ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी किंवा जास्त, आणि तो माणसं न बसवता मोजलेला. सात माणसं बसली की गाडी खाली येते, टॅक्स खाली येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सेस गेला आणि ५० टक्क्यांचे ४० झाले, याबद्दल आभार. त्यावर महाराष्ट्रात २२ लाखांच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ३ लाख ३० हजार. रोड टॅक्स. कापूरबावडी ते गायमुख एकदा जाऊन या आणि मग हा शब्द मोठ्यानं उच्चारा.

रिकाम्या गाडीतून जा, म्हणजे अजून एक गोष्ट कळेल. मागच्या स्प्रिंगा सात माणसांच्या वजनासाठी बांधलेल्या असतात. ड्रायव्हर एकटा असला की त्या दबतच नाहीत आणि गाडी मागून उडते. अखंड ॲक्सलमुळे डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवंही हलतं. आणि ऑफिसला जाताना गाडीत एकटा ड्रायव्हरच असतो. म्हणून टेस्ट ड्राइव्ह दोनदा घ्या, एकदा एकट्यानं आणि एकदा सगळं कुटुंब भरून, गायमुखच्या चढावर, एसी चालू ठेवून. आम्ही सात जणांची मागितली. “पाचच अलाउड आहेत सर.” सात सीटच्या गाडीत!

वजनाचं गणित दाराच्या चौकटीवरच्या किंवा कागदपत्रांतल्या आकड्यांवरून घरी करा. समजा एकूण वजनाची मर्यादा २,७३५ किलो आणि रिकामी गाडी २,१८० किलो. उरले ५५५. सात माणसं सरासरी ६५ किलोची, ४५५ झाले. सामानाला १०० किलो, त्यात छतावरचा कॅरिअर आणि मागचा हूकही आला. बंपरपुढे लावायचा लोखंडी बुल बार तर डिसेंबर २०१७ पासून केंद्रानं बेकायदा ठरवलाय, तरी ॲक्सेसरीच्या यादीत कुणी ना कुणी पुढे करतंच. शिवाय सातही सीट उभ्या असताना सामान ठेवायचं कुठे? डिकीचं दार आणि तिसऱ्या रांगेची पाठ यांतलं अंतर खाली फरशीपाशी मोजा, वर नाही. पाठ मागे कललेली असते.

पार्किंग. सोसायटीत मोठ्या गाडीची जागा बहुधा अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब. फॉर्च्युनर ४,७९५ मिमी लांब, मागे-पुढे मिळून वीस सेंटिमीटर उरले, डिकी उघडायची तर गाडी आधी बाहेर काढा. स्कॉर्पिओ-एन १,९१७ मिमी रुंद, आरसे सोडून. दोन्ही बाजूंना साडेअकरा-साडेअकरा इंच. तेवढ्यातून उतरायला ड्रायव्हर कागदाचा लागतो. एकावर एक गाड्या ठेवायचं स्टॅक पार्किंग असेल तर तिथल्या पाटीवरची उंचीची आणि वजनाची मर्यादा बुकिंगच्या आधी वाचा. नाही वाचली की काय होतं ते ठाण्याच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा, तो तुम्हाला चहा पाजून सांगेल.

शेजाऱ्यांनी टोकन भरलं. ऑफ-रोड कुठे करणार विचारल्यावर म्हणाले, “येऊरला.” येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहे, तिथे डांबरावरूनच वर जायचं आणि डांबरावरूनच खाली यायचं, हे मी दोनदा सांगितलं.

दोन दिवसांनी फोन आला. शोरूमच्या गेटवर वहीत नंबर मीच लिहिला होता.

“सर, आमच्या शोरूमच्या अनुभवाला दहापैकी किती गुण द्याल? दहाच्या खाली दिलेत तर स्टाफचं नुकसान होतं सर.”

“कशाला गुण द्यायचे?”

“रिसेप्शन, स्वच्छता, चहा-कॉफी.”

“तिसरी रांग?”

“तो ऑप्शन नाहीये सर.” की-बोर्डची टकटक झाली. “मग चहाला दहा लिहू?”