सात गुंठ्यांतलं घर

आमच्या घरासमोर, फुटपाथ आणि रस्त्याच्या मधे, गवताचा एक पट्टा आहे. जागा कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कापायचं आम्ही. पुण्याहून आलेल्या वडिलांना हे अजिबात पटलं नव्हतं. "सरकारी गवत आपण का कापायचं?" आठवडाभरात तेच सकाळी खराटा घेऊन तिथे उभे.

मेलबर्नच्या पूर्वेकडच्या उपनगरातलं हे घर 1960 च्या दशकातलं. एक मजली, बाहेरून वीट, आत लाकडी सांगाडा, मागे कपडे वाळत घालायची फिरती लोखंडी छत्री. प्लॉट 700 चौरस मीटर, म्हणजे जवळपास सात गुंठे. इथल्या माणसाचं जुनं स्वप्न पाव एकराचं, बरोब्बर दहा गुंठ्यांचं. तेवढं आता कुणाला परवडतंय!

गुंठ्यांचा हिशोब आठवायला कारण आमचा फॅमिली ग्रुप. शहरी भागातली 1947 च्या कायद्याची तुकडेबंदी, म्हणजे ठरावीक मापापेक्षा लहान तुकडे पाडून जमीन विकायला असलेली मनाई, शिथिल करायचं महाराष्ट्र सरकारने 2025 मध्ये ठरवलं, तेव्हापासून तिथे दोन तट आहेत. काका म्हणतात, नियम मोडणाऱ्यांना बक्षीस. पुण्याच्या कडेला धायरीकडे एक गुंठा घेतलेला दादा, ज्याचं नाव सातबाऱ्यावर आणखी दहा जणांसोबत आहे, म्हणतो, "फ्लॅट परवडला असता तर इकडे कशाला आलो असतो?" आणि काका मला साक्षीला ओढतात: तिकडे बघा, कसं आखीवरेखीव!

आखीवरेखीव आहे, पण पहिल्यापासून नव्हतं. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाही मेलबर्न-सिडनीच्या कडेच्या उपनगरांत हजारो घरांना ड्रेनेज नव्हतं. परसातल्या संडासाचा डबा न्यायला माणूस यायचा. 1972 च्या निवडणुकीत गॉफ व्हिटलम यांनी हा प्रचाराचा मुद्दा केला आणि पंतप्रधान झाल्यावर त्यासाठी केंद्राचा पैसा दिला. म्हणजे घरं आधी, गटार मागून, हे इथेही झालंय.

आता मात्र क्रम उलटा आहे. प्लॉटचे दोन तुकडे करायला मनाई नाही, पण दोन्ही तुकड्यांना पाणी, ड्रेनेज, वीज यांची सोय झाल्याशिवाय वेगळा मालकी-उतारा निघत नाही. आपल्याकडे विनापरवाना पाडलेले असे गुंठा-गुंठ्याचे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा 2001 साली आला, 2021 मध्ये मुदत वाढली, दर वेळी चर्चा कागदाची. दादाचा गुंठा कायदेशीर व्हावा असंच माझं मत आहे; काकांचा राग त्याच्यावर निघतो, प्लॉट पाडून विकणारा कधीच सुटून गेला. पण नियमित करण्यासाठी घेतलेल्या पैशातून त्याच गल्लीत पाइप कधी पडणार, हे कुणी विचारत नाही. दादाकडे अजून टँकर येतो.

एवढं शहाणपण सांगून झालं, तर एक कबुलीही देतो. शेजारच्या आजी गेल्यावर त्यांचं घर विकलं गेलं आणि कुंपणावर नोटीस लागली: सात गुंठ्यांत दोन घरं. इथे शेजाऱ्याला हरकत घेता येते, पैसे लागत नाहीत. गल्लीतल्या आठ जणांनी घेतली. गाड्या कुठे लावणार, आमच्या अंगणात सावली पडेल, 'परिसराचं स्वरूप' बिघडेल, वगैरे. त्यातली एक सही माझी.

परवानगी मिळालीच, आणि ते बरंच झालं. ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.