स्वमग्न माणसांना संवाद जमत नाही, हे अर्धसत्य

'स्वमग्न माणसांना संवाद साधताच येत नाही' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. स्वमग्न म्हणजे ऑटिझम असलेली माणसं. तसं नाही. एडिनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी ७२ प्रौढांना घेऊन चक्क कानगोष्टींसारखा प्रयोग केला. निष्कर्ष २०२० मध्ये आले. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याला एक गोष्ट सांगायची, त्याने ती पुढच्याला. सगळेच स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट जेवढी टिकली, जवळपास तेवढीच इतरांच्या साखळीत. तपशील जास्त गळाले ते मिश्र साखळीत! म्हणजे अडचण दोघांमधली, खापर मात्र एकाच्याच डोक्यावर. स्वतः स्वमग्न असलेल्या डेमियन मिल्टन या संशोधकाने हे २०१२ मध्येच मांडलं होतं. अर्थात, प्रयोगातली सगळी माणसं बोलणारी होती. न बोलणाऱ्या मुलांना हे निष्कर्ष सरसकट लावू नयेत.