शहर बिघडवा, प्रेक्षक सांभाळा

शहराच्या अधःपतनावर चित्रपट काढताय? काढा. पथ्य एकच: तिकीट काढून आलेला माणूस परत जाताना धुतल्या तांदळासारखा राहिला पाहिजे.

त्यासाठी नायक बाहेरगावचा घ्या. ‘श्री ४२०’मधला (१९५५) राज अलाहाबादहून मुंबईत येतो आणि आल्या आल्या प्रामाणिकपणाचं पदक गहाण टाकतो. हे पदक फार सोयीचं. मनातली नीती कॅमेऱ्याला दिसत नाही. धातूची असली की काउंटरवर ठेवता येते. नायिका दोन, विद्या आणि माया. याहून अवघड नावं मागच्या रांगेला झेपत नाहीत. शंभर रुपयांत घराचं गाजर दाखवणाऱ्याचं नाव सेठ सोनाचंद धर्मानंद. पाप कुणाच्या खात्यावर टाकायचं, हे नावातच ठरलं.

एकटेपणा दाखवायला गर्दी लागते. ‘प्यासा’मध्ये (१९५७) सभागृह भरलेलं, भाषणं चालू, आणि मेला समजून ज्याचा उदोउदो चाललाय तो कवी दारात हात पसरून उभा. उजेड पाठीमागूनच सोडा. समोरून सोडलात तर बेकार तरुण दिसेल, मागून सोडलात की येशू दिसतो. सख्खे भाऊ पैसे घेऊन ओळख नाकारतात, तेव्हा प्रेक्षकाला स्वतःच्या वाटण्या आठवू लागतात. तेवढ्यात गाणं घाला. शेवटी कवीला त्याच्यावर जीव लावणाऱ्या वेश्येबरोबर, गुलाबोबरोबर, दूर पाठवून द्या. दूर म्हणजे कुठे, तिथे भाडं किती, हे विचारायचं नसतं.

‘जागते रहो’ (१९५६) जरा धोक्याचा. घोटभर पाण्यासाठी इमारतीत शिरलेल्या खेडुताला चोर ठरवून रात्रभर पळवतात आणि दारं उघडतात ती सभ्य माणसांची. एखादं दार आपल्यासारखंच निघायचं! म्हणून पहाट, भैरव आणि नर्गिसच्या हातचं पाणी. त्याची तहान भागते, आपण सुटतो.

सत्यजित राय यांचा ‘जन अरण्य’ (१९७६) मात्र चुकूनही गिरवू नका. त्यात सोनाचंदच नाही. सुशिक्षित, सालस सोमनाथ ऑर्डरसाठी गिऱ्हाइकाकडे बाई घेऊन जातो, ती मित्राचीच बहीण निघते, तरी सौदा होतो. घरी वडिलांना हायसं वाटतं. सुटकेला गाणं नाही, पहाट नाही. प्रेक्षकाने जायचं कुठे?

‘घरौंदा’चंही (१९७७) तेच. बिल्डर पैसे बुडवतो, इथवर ठीक. पुढे नायकच प्रेयसीला सुचवतो, आजारी, श्रीमंत मालकाशी लग्न कर, तो फार दिवस जगायचा नाही. मालक काही हिशेबाप्रमाणे मरत नाही. तेव्हा शहाणे असाल तर बिल्डर पळाला की तिथेच ‘समाप्त’ची पाटी लावा.