‘हौसेची रजा’ या दोन शब्दांना उत्तर

माननीय ‘स्पष्टवक्ता’,

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर कार्यालयात परतण्याविषयीच्या ‘एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर’ या माझ्या लेखाखाली आपण मंगळवारी रात्री लिहिलेल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायचे नाही, असे मी दोन दिवस ठरवून होते. परंतु आता आणखी काही वाचक तिला दुजोरा देऊ लागले आहेत आणि मी गप्प राहिले तर ते सर्व मला मान्य आहे, असा अर्थ निघेल. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आपले मूळ वाक्य जसेच्या तसे देते: “ताई, तीन आठवड्यांत खुर्चीवर परत बसलात, म्हणजे हा आजार नव्हताच, जिभेचे चोचले पुरवून झाल्यावरची हौसेची रजा होती, आणि मार्चअखेरीला तिचा भार सहकाऱ्यांनी वाहिला.” याखेरीज आपण म्हणता की अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांची माझ्या लेखाने दिशाभूल होते, मी कार्यालयात पित्ताशयाचे खडे असल्याचे खोटे सांगितले, खर्चाविषयी मी अवाक्षर काढलेले नाही आणि मनाचा निग्रह असता तर हे सारे टळले असते.

सुरुवात संबोधनापासून करते. मला दोन धाकटे भाऊ आहेत आणि त्यांनी मला आजवर पुष्कळ ऐकवले आहे. पण ताई म्हणून हाक मारायची आणि त्याच वाक्यात जिभेचे चोचले काढायचे, हे त्या दोघांनाही कधी जमलेले नाही. मतभेद मला चालतात आणि आपली प्रतिक्रिया मी काढूनही टाकणार नाही. मात्र स्वतःचे नाव झाकून ‘स्पष्टवक्ता’ असे टोपणनाव घ्यायचे, यात स्पष्टपणा कोठे आहे, हे मला समजलेले नाही.

आपला एक मुद्दा प्रामाणिकपणे मान्य करते. लेखात मी ‘तीन आठवड्यांनी’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात मी चोवीस दिवसांनी हजर झाले. तीन दिवसांचा हा फरक मी लिहायला हवा होता आणि लेखात तशी दुरुस्ती केली आहे.

आता ‘हौस’. आपल्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत तोच एक शब्द मला लागला, हे लपवून उपयोग नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी माझे वजन ११८ किलो होते आणि उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४८ च्या वर. भारतीय शरीराची ठेवण लक्षात घेऊन आपल्याकडे ३७.५ च्या पुढे, आणि मधुमेहासारखा विकार जोडीला असेल तर ३२.५ च्या पुढे या शस्त्रक्रियेचा विचार केला जातो, असे मला पहिल्याच भेटीत सांगण्यात आले. म्हणजे या दोन्ही रेषा मी कितीतरी आधी ओलांडल्या होत्या. नऊ वर्षांचा मधुमेह, त्यातली शेवटची तीन वर्षे इन्सुलिन, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री नाकावर सीपॅप, म्हणजे हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा मुखवटा. हे यंत्र घरी येण्यापूर्वीची दोन वर्षे तर अशी गेली की दुपारी तीन वाजता नस्तीवर टिपणी लिहिता लिहिता माझा डोळा लागायचा आणि पेनाची रेघ कागदाच्या काठापर्यंत जायची. ‘जेवण जास्त झालेले दिसते’ असे कोणीतरी म्हणायचे, सगळे हसायचे आणि मीही हसायचे. रात्री आपला श्वास कितीदा थांबतो हे झोपेची तपासणी होईपर्यंत मलाच ठाऊक नव्हते, तेव्हा हसणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण आज ‘हौस’ हा शब्द वाचला आणि तेच हसू पुन्हा कानावर आले.

हौसेला विमा मिळत नसतो, हेही आपल्या लक्षात यायला हवे होते. विमा नियामकाने २०१९ साली ठरवून दिलेल्या शब्दरचनेत सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे कलम वेगळे आहे आणि लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचे वेगळे. दुसरी ग्राह्य धरण्यासाठी बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक, अथवा ३५ वा त्याहून अधिक असून सोबत तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा विकार), आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह यांसारखा गंभीर विकार लागतो, शिवाय डॉक्टरांचा सल्ला आणि कागदपत्रे. पैसा सोडताना दहा वेळा विचार करणाऱ्यांनी जिला उपचार मानले, तिला आपण एका ओळीत हौस ठरवता.

राहिली ‘रजा’. मी घेतली ती परिवर्तित रजा. ती वैद्यकीय प्रमाणपत्रावर मिळते, आणि एका दिवसासाठी अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दोन दिवस वजा होतात. म्हणजे माझ्या चोवीस दिवसांपोटी अठ्ठेचाळीस दिवस गेले. वर्षाला वीस दिवस या दराने १९ वर्षांत साठलेल्या त्या खात्याला मी याआधी एकदाच हात लावला होता, डेंग्यू झाला तेव्हा. हौस करायची असती तर चांगली अर्जित रजा टाकून महाबळेश्वरला गेले असते. पोटाला पाच भोके पाडून घेतली नसती.

आणि चोवीस दिवसांनी खुर्चीवर बसले म्हणजे मी बरी झाले होते, हे आपल्याला कोणी सांगितले? माझ्यावर झालेल्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात आणि स्टेपलच्या रांगेने बंद केलेली, केळ्याच्या आकाराची एक नळी शिल्लक राहते. पहिले दोन आठवडे माझ्या पोटात पातळाखेरीज काही गेलेले नव्हते. हजर झाले तेव्हा मी घोटलेल्या मुगाच्या डाळीपर्यंत पोहोचले होते. कराडहून साताऱ्याला मी एसटीने जाते. महामार्गाच्या कामामुळे गाडी सेवा रस्त्यावर उतरली की मी पोटाशी एक लहान उशी घट्ट धरून बसत असे आणि शेजारच्या बाई मला सरकून जागा देत, कारण त्यांना काही वेगळेच वाटत असे. वयाच्या ४७ व्या वर्षी ती गैरसमजूत मी दूर केली नाही, बसायला जागा मिळत होती.

आमची जेवणाची सुटी अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासात माझे पाच चमचे डाळ संपत असे, तीही प्रत्येक घासाला थांबून, कारण एक घास घाईने गेला की छातीत खिळा ठोकल्यासारखे दुखून सारे वर येते. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही, आणि तरी दिवसभरात दीड लिटर पाणी पोटात गेले पाहिजे. ते घोटाघोटाने पिताना समोर अभ्यागत उभा असतो आणि त्याला वाटते की बाई काम सोडून पाणी पीत बसल्या आहेत. दिवसाला ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत म्हणून मी पावडर ताकात कालवून नेत असे. त्या ताकाच्या चवीविषयी मी लेखात लिहिले नव्हते, येथेही लिहीत नाही. दुपारी साडेतीन वाजले की अंगातले सगळे बळ कोणीतरी काढून घेतल्यासारखे व्हायचे. चौथ्या महिन्यात केस गळू लागले. हे तात्पुरते असते असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, तरी कंगव्याकडे पाहण्याचे मी टाळत असे. जड उचलायची मनाई होती. पहिल्याच दिवशी सवयीने नस्त्यांचा गठ्ठा उचलायला वाकले, तर शिपाई मामांनी तो धावत येऊन हातातून काढून घेतला आणि म्हणाले, “बाई, पित्ताशयाचं दुखणं वाईट असतं.”

भार सहकाऱ्यांनी वाहिला, हे खरे आहे आणि ते मी कधी नाकारलेले नाही. शस्त्रक्रियेची तारीख मात्र मी पंचांग पाहून काढलेली नव्हती. साखर आटोक्यात आल्याशिवाय भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. ती आटोक्यात आली फेब्रुवारीत. डॉक्टर चार आठवड्यांचे प्रमाणपत्र देत असताना मार्चअखेर डोळ्यांसमोर होती म्हणूनच मी चार दिवस आधी सक्षमता प्रमाणपत्र मागून घेतले आणि रुजू झाले. त्या चार दिवसांची नोंद आपल्या हिशेबात कोठे आहे?

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. अंगमेहनत करणाऱ्यांना साधारणपणे चार ते सहा आठवडे थांबायला सांगतात, हे त्यांना त्यांचे डॉक्टर सांगतीलच; मी हमालीवर लेख लिहिलेला नव्हता, आणि माझा लेख वाचून कोणी तिसऱ्या आठवड्यात पोते उचलेल असे मानणे म्हणजे वाचकांच्या बुद्धीचा अपमान आहे. खर्च हा माझा खासगी विषय आहे. निग्रहाविषयी इतकेच सांगते की कराडच्या प्रीतिसंगमावर, नदीकाठी, मी सलग अकरा वर्षे पहाटे चालले आहे, त्यात १४ किलो उतरवले आणि नंतर १७ किलो चढले. जठराचा जो वरचा भाग या शस्त्रक्रियेत काढतात, तेथेच घ्रेलिन हे भुकेचे संप्रेरक प्रामुख्याने तयार होते. तेवढे वाचून या, मग निग्रहावर बोलू.

खोटे सांगितल्याचा आरोप. होय, मजल्यावर मी पित्ताशयाचे खडे म्हणून सांगितले. रजेच्या अर्जाला जोडलेल्या प्रमाणपत्रात खरे तेच होते आणि साहेबांना ते ठाऊक होते. बाकीच्यांना माझ्या पोटाची माहिती मिळण्याचा अधिकार कोणत्या नियमाने दिला आहे, ते दाखवावे. आपण बोट ठेवलेला ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द लेखात मी स्वतःच्या शरीराशी प्रामाणिक राहण्याच्या अर्थाने वापरला आहे, हे संदर्भावरून कोणालाही कळते. माझे वजन भराभर उतरू लागल्यावर, ज्या बाईंनी त्या चोवीस दिवसांत माझे टेबल सांभाळले, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे जाऊन ‘पित्ताशय काढले की इतके बारीक होता येते का’ असे विचारले होते. तो प्रसंग मी लेखात गमतीने लिहिला. आपल्याला तो गमतीचा वाटला नाही, त्याला माझा इलाज नाही.

शेवटी एक शंका. लेखात मी ‘शासकीय कार्यालय’ एवढेच लिहिले होते. गाव नव्हते, विभाग नव्हता, महिनाही नव्हता; तो मी आज या उत्तरात पहिल्यांदा लिहिते आहे. मंगळवारी रात्री आपल्याला मार्चअखेर कोठून कळली? आपण कोण, याचा तर्क मी येथे करणार नाही. आमच्याच मजल्यावर बसत असाल तर पित्ताशयाविषयी मला थेट विचारले असते तरी चालले असते. जेवणाच्या सुटीत मी अजूनही पूर्ण अर्धा तास डब्यासमोर बसलेली असते.