आर्सेनलच्या 115 वर्षे आधीचा अपराजित मोसम

इंग्लिश फुटबॉलविषयी मराठीत वारंवार फिरणाऱ्या एका मजकुरात असे ठासून सांगितलेले असते की, लीगचा संपूर्ण मोसम एकही सामना न हरता पार पाडणारा इंग्लंडच्या इतिहासातील एकमेव क्लब म्हणजे 2003-04 चा आर्सेनल. प्रेस्टन नॉर्थ एंड या जुन्या क्लबचे नाव कोणी काढलेच, तर ते हौशी जमान्यातले, जेमतेम 22 सामन्यांचे आणि किरकोळ प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे यश म्हणून सोडून द्यावे, अशी पुस्तीही त्याला जोडलेली असते. आर्सेनलचा तो मोसम मी रात्री जागून पाहिला आहे आणि त्या संघावर माझे आजही प्रेम आहे. तरीही हा मजकूर चुकीचा आहे.

‘एकमेव’ या शब्दाचा निकाल लावायला वेळ लागत नाही. 1888-89 हा फुटबॉल लीगचा पहिलाच मोसम. त्यात प्रेस्टनने 22 पैकी 18 सामने जिंकले, 4 बरोबरीत सोडवले आणि एकही गमावला नाही. विजयाला दोन गुण मिळत असताना दुसऱ्या क्रमांकावरील अ‍ॅस्टन व्हिलापेक्षा ते 11 गुणांनी पुढे राहिले. ‘प्रीमियर लीगमधील एकमेव’ असे लिहिले असते तर हरकत नव्हती, पण ती स्पर्धा 1992 मध्ये सुरू झाली आणि इंग्लंडमधील लीग फुटबॉल त्याहून शंभरहून अधिक वर्षांनी जुने आहे.

हौशीपणाचा मुद्दा मला सर्वांत अधिक खटकतो, कारण व्यावसायिक फुटबॉलला इंग्लंडमध्ये मान्यता मिळण्यामागे प्रेस्टनचाच मोठा वाटा होता. लँकेशायरमधील या गिरणगावात क्लबचा कारभार विल्यम सडेल पाहत असत. ते स्वतः कापड गिरणीचे व्यवस्थापक होते. स्कॉटलंडमधून चांगले खेळाडू आणायचे आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय गावातच करायची, ही त्यांची रीत. जानेवारी 1884 मध्ये एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेतील सामना 1-1 असा सुटल्यावर लंडनच्या अप्टन पार्क क्लबने याविरुद्ध तक्रार केली. सडेल यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. बाहेरचे खेळाडू आणून आपण त्यांना कामे मिळवून देतो, हे त्यांनी सरळ कबूल केले. प्रेस्टनला स्पर्धेबाहेर काढण्यात आले, पण उत्तरेकडील क्लब वेगळी संघटना काढण्याच्या तयारीला लागले आणि अखेर जुलै 1885 मध्ये फुटबॉल असोसिएशनला (एफए, म्हणजे इंग्लिश फुटबॉलची नियामक संस्था) पैसे घेऊन खेळणे वैध ठरवावे लागले. तीन वर्षांनी लीग स्थापन झाली ती मुळात या व्यावसायिक क्लबांना ठरलेल्या तारखांना खात्रीचे सामने, आणि म्हणून खात्रीचे उत्पन्न, मिळावे यासाठीच. अशा संघाला हौशी म्हणणे म्हणजे त्याने ज्यासाठी शिक्षा भोगली तेच पुसून टाकणे होय.

सामने कमी होते, हे खरे. 38 सामने न हरणे अधिक कठीण आहे आणि आर्सेनलची लीगमधील अपराजित मालिका तर पुढे 49 सामन्यांपर्यंत गेली. ते श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. परंतु लीगमध्ये 12 क्लब असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला 22 च सामने येत होते आणि प्रेस्टनने ते सगळे खेळले. त्या 22 सामन्यांत त्यांनी 74 गोल केले. आर्सेनलचे 38 सामन्यांत 73 झाले होते. शिवाय आर्सेनल त्याच मोसमात एफए कप, लीग कप आणि चॅम्पियन्स लीग मिळून सहा सामने हरला. प्रेस्टनने मात्र एफए कपही जिंकला, आणि तोही पाच सामन्यांत एकही गोल स्वीकारल्याविना. 30 मार्च 1889 रोजी लंडनमधील केनिंग्टन ओव्हल मैदानावर, सुमारे 22 हजार प्रेक्षकांसमोर, ड्यूहर्स्ट, जिमी रॉस आणि थॉमसन यांच्या गोलांनी त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनला 3-0 असे हरवले. गोलखांबांमागे जाळी नव्हती, पेनल्टी किक नियमांत आलेली नव्हती आणि कोणी जखमी झाला तर बदली खेळाडू मिळत नव्हता.

प्रतिस्पर्धी किरकोळ होते, हे म्हणणे प्रेस्टनच्या आगेमागच्या मोसमांकडे पाहिले की टिकत नाही. 1888 च्या कप अंतिम सामन्यात जवळपास याच प्रेस्टनला वेस्ट ब्रॉमविच अल्बियनने 2-1 असे हरवले होते, आणि पुढच्या वर्षी उपांत्य फेरीत तोच संघ पुन्हा समोर आला तेव्हा प्रेस्टनला 1-0 इतक्याच फरकाने पुढे जाता आले. 1889-90 मध्ये प्रेस्टनने लीगचे विजेतेपद राखले खरे, पण तेवढ्याच 22 सामन्यांपैकी चार गमावून. आणि त्यानंतर आजतागायत ते पुन्हा कधीही लीग विजेते झालेले नाहीत.