मधला पाय म्हणजे बेस, हे डोक्यातून काढा

दुरुस्ती शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. अनोळखी ट्रान्झिस्टरचा (करंट वाढवणारा तीन पायांचा भाग; पाय म्हणजे बेस, कलेक्टर, एमिटर) मधला पाय नेहमी बेस. त्यावर मल्टिमीटरचा लाल प्रोब ठेवून उरलेल्या दोन्ही पायांकडे ०.६ व्होल्ट आलं की ट्रान्झिस्टर चांगला. मीटरचा बीप वाजला, म्हणजे शॉर्ट, की फेकून द्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून सुटा माल आणणारी पोरं हे खरं धरून चालतात आणि धडधाकट ट्रान्झिस्टर कचऱ्यात जातात. मला ते बघवत नाही.

बीसी५४७ चा मधला पाय बेस आहे, मान्य. पण सी१८१५ दिसायला अगदी तसाच, आणि त्याचा बेस टोकाला असतो, मधला कलेक्टर. टीआयपी४१ मध्येही मधला कलेक्टरच. बेस मीटरनेच शोधावा लागतो. मीटरच्या डायोड मोडवर (डायोडच्या खुणेवर) तीन पायांच्या सगळ्या जोड्या, प्रोब उलटसुलट करून बघा. ज्या पायापासून उरलेल्या दोघांकडे रीडिंग मिळतं, तो बेस. ट्रान्झिस्टरच्या दोन जाती: त्यावर लाल प्रोब असेल तर एनपीएन, काळा असेल तर पीएनपी. मेसेजमध्ये पीएनपीचं नावच नाही, म्हणजे चांगला बीसी५५७ (हा पीएनपी) त्या हिशेबाने मेलेला! काट्याच्या मीटरवर तर ओहम रेंजला बहुधा काळ्या प्रोबवर प्लस असतो, सगळं उलटं.

बीपचं म्हणाल तर बोर्डवर असताना बाजूची कॉइल किंवा कमी ओहमचा रेझिस्टरही बीप देतो. आधी सोल्डर काढून सुटा करा, मग मोजा. जुन्या टीव्हीच्या काही हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये (पिक्चर ट्यूबचं आडवं स्कॅनिंग चालवणारे) बेस-एमिटरमध्ये आतच लहान रेझिस्टर असतो. तिथे सुट्यालाही बीप येऊ शकतो, आणि माल चांगला असतो. कलेक्टर-एमिटर दोन्ही दिशांनी शून्याजवळ आला, तर मात्र तो गेलाच.

सगळ्यात घातक ते ‘०.६ आलं की चांगला’. त्यावरून जंक्शन, म्हणजे आतले दोन जोड, शाबूत आहेत एवढंच कळतं. ट्रान्झिस्टर करंट वाढवतो का, हे नाही. ते बघायला आधी एमिटर ओळखा: बेसपासूनच्या दोन रीडिंगपैकी ज्या पायाकडे किंचित जास्त येतं तो एमिटर, उरलेला कलेक्टर. मग तीन पेन्सिल सेल घ्या. एनपीएनसाठी प्लसपासून ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी कलेक्टरला, एमिटर मायनसला. बेस मोकळा असताना एलईडी बंद हवा. पेटला तर लीकेज, म्हणजे नको तिथून करंट गळतोय. प्लसपासून १०० किलोओहमचा रेझिस्टर बेसला लावा, एलईडी नीट पेटला पाहिजे. जेमतेम मिणमिणला तर कलेक्टर-एमिटर अदलाबदल करून बघा. पीएनपीला सेल आणि एलईडी दोन्ही उलटे. ९ व्होल्टची बॅटरी नको. छोट्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर उलट्या दिशेने साधारण ५-६ व्होल्टच सोसतं.

जास्त व्होल्टेजवरचं लीकेज यात दिसत नाही. म्हणून मेन्सवर चालणाऱ्या सेटमध्ये असा ट्रान्झिस्टर बसवला, की पहिल्यांदा सिरीजमध्ये ६० वॅटचा साधा तारेचा बल्ब लावूनच स्विच टाका.